यादीत नसलेला वास

एकोणिसाव्या दिवशी मी माझ्या लेकीसाठी नववा बगीचा उभा केला आणि तोही फुकट गेला.

बगीचा म्हणजे खोलीतलाच. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचं परिसर-उपचार केंद्र आहे, तिथली चार नंबरची खोली. तिच्या भिंती, छत, जमीन, उजेड, हवा, वास, सगळं हवं तसं बदलता येतं. त्या दिवशी मी कोकणातली एक विहीर केली होती. रहाटाची कुरकुर, पोफळीतला गारवा, बकुळीचा वास, पायाखाली ओला चिरा. ओजू अडीच वर्षांची असताना आम्ही आठवडाभर तसल्या घरी राहिलो होतो आणि त्या वेळच्या प्रत्येक फोटोत ती हसते आहे. खोलीबाहेरच्या पडद्यावर आकडा सतरापर्यंत चढला. मला राहवलं नाही. मी आत जाऊन तिचा हात धरून बसले. थोड्या वेळानं तेजस, माझा नवरा, काचेवर बोटं वाजवून खुणावायला लागला, म्हणून मान वळवली, तर आकडा अकरावर आलेला. आम्हाला साठ हवा होता.

"आई, विहीर छान आहे हं," ओजू म्हणाली.

सात वर्षांची पोर माझं मन राखत होती. डोळे लाल झाले होते, पापण्या मिटल्या तरी बुबुळं आत फिरत राहायची. मला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला, पण ती बघत होती, म्हणून मी विहिरीचं कौतुक करत बसले.

जागरताप हे नाव लोकांनीच दिलं. साधा ताप येतो, चार दिवसांत उतरतो, घरातले सुटकेचा निःश्वास सोडतात, आणि मग कळतं की माणूस झोपतच नाहीये. मेंदूच्या तळाशी एक पहारेकरी असतो, धोका दिसला की शरीराला जागं ठेवणारा. या तापानंतर तो खाली बसायलाच तयार होत नाही. हृदय पळत राहतं, रक्तात सूज वाढवणारी द्रव्यं साचतात, झोपेत होणारी शरीराची डागडुजी होत नाही. गुंगीचं औषध देऊन माणसाला बेशुद्ध करता येतं, पण बेशुद्धी म्हणजे झोप नव्हे. पहारेकरी तेव्हाही जागाच असतो. मोठी माणसं महिनाभर काढतात. लहान मुलांत पंचविसावा दिवस अजून कोणी पाहिलेला नव्हता.

उपाय सापडला तो औषधात नाही, जागेत. मूल पहिल्या तीन-चार वर्षांत जिथं निर्धास्त झोपतं, तिथले वास, आवाज, हवेतला दमटपणा, अंगाला होणारे स्पर्श, या सगळ्यांचा मिळून एक ठसा मेंदूत पडतो. ही आठवण नव्हे. माणसाला त्यातलं काही सांगता येत नाही. पण तोच मेळ पुन्हा जमला, तर मेंदूपासून हृदय-आतड्यांपर्यंत जाणारा एक लांब मज्जातंतू आपोआप संथ होतो आणि पहारेकऱ्याला सांगतो की बस आता, इथं काही होत नाही. जुळणी किती झाली, ते मनगटावरच्या पट्टीवरून मोजतात. त्याला आम्ही मेळांक म्हणतो. तो साठच्या वर सलग चाळीस मिनिटं राहिला, की गाढ झोप लागते. एकदा लागली की वाट मोकळी होते. केंद्रात आलेल्या दर दहांतले आठ जण असे झोपून, बरे होऊन घरी गेले होते.

आणि त्यांच्यासाठी ते परिसर उभे करणारी बाई मी होते. ऋतुजा, मुख्य रचनाकार. कोणाला उसाच्या फडाचा वारा दिला, कोणाला देवळातला गार दगड. वर्तमानपत्रांत माझे फोटो आले. म्हणतात ना, वैद्याच्या घरी औषध नाही. माझ्या घरी तर वैद्यच आजाराला कारण निघाला, पण ते मला अजून कळायचं होतं.

डॉक्टर फरीदा मुजावर केंद्राची प्रमुख आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिनं त्याच दुपारी आम्हा दोघांना तिच्या खोलीत बोलावलं आणि ओजूचा फॉर्म समोर ठेवला.

"ऋतुजा, पहिल्या चार वर्षांत ओजू दुपारी कुठं झोपायची?"

"फॉर्मवर आहे की. घरी."

"कोणाजवळ?"

"माझ्याजवळ."

फरीदानं फॉर्म बंद केला नाही. ती तेजसकडे बघत होती. तेजस हा शांत माणूस. भांडण टाळण्यासाठी तो कशालाही हो म्हणतो आणि मी ते त्याचं प्रेम समजत आले. त्यानं मान खाली घातली.

"शालनमावशीकडे झोपायची," तो म्हणाला. "सहा महिन्यांची असल्यापासून चार वर्षांची होईपर्यंत. उद्यमनगरात, तिच्या खोलीवर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा."

"तिथलं तिला काही आठवत नाही," मी म्हटलं.

"आठवणीचा प्रश्नच नाही," फरीदा म्हणाली. "हे तूच लोकांना समजावून सांगतेस."

मी खोटं का लिहिलं? लाज. दुसरं काही नाही. हे केंद्र उभं राहत होतं तेव्हा मी अख्खा दिवस काम करत होते, दुसऱ्यांच्या मुलांसाठी मोगरा आणि ओली माती मोजत होते, आणि माझी मुलगी लेथच्या कारखान्यांमागच्या एका पत्र्याच्या खोलीत वाढत होती. फॉर्मवर 'सांभाळ कोणी केला' या रकान्यात 'आई' लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. असा फॉर्म भरणाऱ्या शंभर आयांना मी स्वतः बजावलं असेल की खरं लिहा, इथं तुम्हाला कोणी मार्क देत नाही.

ओजूला सांभाळणाऱ्या शालनमावशीला मी कामावरून काढलं तो दिवस मला नीट आठवतो. मीटिंग रद्द झाली म्हणून दुपारीच तिच्याकडे गेले. दार लोटलं आणि ठसका लागला. खोली धुरानं भरलेली. मावशी चुलीशी उकिडवी बसून तव्यावर मिसरी भाजत होती. तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची आणि दातांना लावायची, आपल्याकडच्या कितीतरी बायकांना हे व्यसन असतं. आणि तिच्यामागं, जुन्या लुगड्याच्या झोळीत, त्या धुरात, माझी मुलगी गाढ झोपलेली. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. झोपलेल्या ओजूला उचललं, ती दचकून जागी झाली आणि 'मावशी' म्हणून किंचाळायला लागली. मी मागं वळून पाहिलं नाही. धूर लहान मुलाच्या फुप्फुसांना वाईट असतो, माझं काहीही चुकलं नव्हतं. हे मी तीन वर्षं स्वतःला सांगत होते.

त्यानंतर महिनाभरातच केंद्राची गंधसूची ठरली. यंत्राला कोणते वास तयार करता येतील, त्याची यादी. समितीपुढं साडेपाचशे नावं होती. मी त्यांतली सव्वाशे खोडली. रॉकेल, गटार, कोंबड्यांचं खुराडं, बिडी, तंबाखू. समितीत एक म्हातारे वनस्पतीशास्त्रज्ञ होते, ते म्हणाले होते, "बाई, माणसं अत्तराच्या बाटलीत जन्मत नाहीत हो." मी हसले होते. उपचाराच्या ठिकाणी असले वास कशाला, असं मी म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्र बिचारं यादीत आहे तेवढंच करून बघतं. एकोणीस दिवस ते ओजूसाठी चारशे पंचवीस वासांत शोधत होतं आणि हवा होता तो मी आधीच खोडून ठेवला होता.

"तुला हे माहीत होतं," गाडीत बसल्यावर मी तेजसला म्हणाले. "एकोणीस दिवस तू गप्प बसलास."

"तुला वाईट वाटलं असतं."

"पोरगी मरायला टेकलीये, तेजस."

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "मी तिला नंतर दोनदा घेऊन गेलो होतो मावशीकडे. तुला न सांगता. ती तिथं जाऊन नुसती झोपायची. झोपून उठली की आम्ही परत."

मला त्याला मारावंसं वाटलं. आणि त्याच वेळी वाटलं, निदान त्यानं तेवढं तरी केलं.

उद्यमनगरातली ती चाळ अजून होती. पुढचे कारखाने मात्र बदललेले. जुनी लेथ जाऊन बंद खोक्यातली मुकी यंत्रं आली होती. मावशीच्या दारात एक तिशीची बाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"वळखलं मी," ती म्हणाली. "ओजूची आई न्हवं? मी रंजना, मावशीची लेक. या, बसा."

"मावशी आहेत?"

"आई गेली की. गेल्या साली, दिवाळीच्या आधी. तुमास्नी कोण सांगणार म्हणा."

मी दारातच खाली बसले. शालनमावशीला केंद्रात नेऊन बसवू, तिच्या पाया पडू, म्हणेल ते देऊ, एवढा एकच विचार घेऊन मी आले होते. तो संपला. काय झालंय ते तेजसनंच रंजनाला सांगितलं. मी नुसती त्या खोलीकडे बघत होते. तीच चूल, तोच पत्रा, आढ्याला झोळीची कडी.

"दोनदा आलती ती तुमच्या गेटावर," रंजना मला म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "एकदा संक्रांतीला तिळाच्या वड्या घिऊन. एकदा वाढदिवसाला फ्राक घिऊन. वाचमन म्हणाला, म्याडमनी सांगितलंय, सोडायचं न्हाई. फ्राक हाय अजून घरात."

मी तिचे पाय धरले.

"पाय कशाला धरताय," ती मागं सरली. "तुमचा राग हाय मला, खोटं कशाला बोलू. पर लेकरानं काय केलंय? काय पायजे ते सांगा."

मी विचारत गेले, ती सांगत गेली. दुपारी जेवण झालं की दोनच्या सुमाराला मावशी ओजूला झोळीत घालायची, ती मी न्यायला येईपर्यंत झोपायची. पुढं लेथ चालू असायचं, पत्रा तापलेला असायचा. मिसरी आठवड्यातून दोनदा भाजायची आणि दातांना दिवसातून चार-पाच वेळा लावायची, त्यामुळं वास रोजचाच. दोन हलक्या थापा, मग एक झोका, पुन्हा दोन थापा.

"मी सुट्टीदिवशी बगायचो की," रंजना म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी, येतो-जातो करून. ओजूही तशीच बोलायला लागली होती, 'मी जेवलो' म्हणायची, आणि मी दर वेळी तिला दुरुस्त करायचे. "झोळीत पडली की रोज एकच इचारायची, आई आली? आई माझी म्हणायची, न्हाई बाळा, लई येळ हाय अजून, नीज तू. की लगीच झोपायची."

ते ऐकून मला रडू फुटलं. त्यात सुखही होतं, हे कबूल करते. माझी पोर रोज माझी वाट बघत होती, असं मला वाटलं.

एकविसाव्या दिवशी आम्ही चार नंबरच्या खोलीत उद्यमनगर उभं केलं. आवाजांच्या साठ्यात जुन्या लेथची घरघर होती. छत तापवलं, दमटपणा काढून टाकला, मधोमध झोळी टांगली. रंजनानं आणलेलं लुगडं, मावशीचंच. मेळांक एकोणतीस. ओजूचा एवढा आकडा आम्ही आजवर पाहिला नव्हता.

वास मात्र नव्हता. कृत्रिम वास बनवणारी प्रयोगशाळा म्हणाली, पाच आठवडे लागतील. ओजूचं हृदय सकाळपासून मध्येच एखादा ठोका गाळत होतं.

"खरी मिसरी भाजायची," फरीदा म्हणाली. "शेजारच्या खोलीत. तिथली हवा बारीक गाळणीतून इकडे घेऊ. धुराचे कण अडतील, वास येईल. थोडं विष येईलच. पण माझ्याकडे आता दुसरं काही नाही."

"मीच ते यादीतून खोडलं," मी म्हणाले.

"माहीत आहे. सही माझीही आहे त्याच्यावर."

रंजनानं तव्यावर तंबाखू टाकली. पहिल्यांदा गोडसर वास, मग कडवट, मग घसा धरणारा. गाळणीतून तो आत गेला आणि झोळीत पडलेल्या ओजूनं नाक हलवलं. अडतीस. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. रंजना हात धुऊन आत गेली, झोळीशी बसली, थापटायला लागली. एकोणपन्नास. पुढं सरकेना. एक तास झाला, दीड तास झाला.

"मी आत जाते," मी म्हटलं आणि फरीदा काही बोलायच्या आत दार उघडलं. झोळीशी गेले, ओजूच्या कपाळावर हात ठेवला. तिनं डोळे टक्क उघडले आणि उठून बसायला लागली.

बाहेर आले तेव्हा पडद्यावर एकतीस होता. तेजस भिंतीकडे तोंड करून उभा होता.

फरीदानं मला तिच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि एकवीस दिवसांचा आलेख उघडला. चढउताराची रेघ, आणि तिच्यावर मध्येमध्ये लाल टिंबं. प्रत्येक टिंबापाशी रेघ खाली गेलेली.

"हे काय आहे?"

"दार उघडून तू आत गेलीस त्या वेळा."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला आणि मी म्हटलं, "नाही."

"तेजसनं सांगितलं मला. साडेतीन वर्षं, रोज संध्याकाळी सहाला, तू तिला न्यायला जायचीस. बहुतेक वेळा झोपेतून उचलायचीस, कारण तुला पुढं घाई असायची. तुझ्या हाताच्या क्रीमचा वास, गाडीच्या किल्ल्या, तुझी चालण्याची पद्धत. तिच्या शरीरानं त्याचा एकच अर्थ शिकून ठेवलाय. झोप संपली, ऊठ." फरीदाचा आवाज फुटत होता. "ती तुझ्यावर प्रेम करत नाही, असं मी म्हणत नाहीये. ऋतुजा, हे प्रेमाच्या खालचं आहे."

एकवीस दिवस. एकवीस दिवस मी उठसूट तिच्या उशाशी जाऊन बसत होते. धड जेवले नाही, घरी गेले नाही, आत गेले की तिचा हात सोडला नाही. सगळ्यांनी म्हटलं, आई असावी तर अशी. आणि तिचा पहारेकरी माझ्याकडे बघून उभा होता. मीच तिला जागं ठेवलं होतं.

"मग मी निघून जाते," मी शेवटी म्हटलं. "ती झोपत असेल तर मी गावात राहत नाही. रंजनाला बसव."

"रंजना तिला परकी आहे. पन्नासच्या पुढं जाणार नाही. साठ गाठायला झोपेच्या वेळी तिच्या अंगाला ओळखीचा झालेला हात हवा, आणि असे दोनच हात होते. एक मावशीचा, तो गेला. दुसरा तुझा. तुझ्यावरचं 'ऊठ' पुसलं आणि त्यावर 'नीज' चढवलं, तर कदाचित." तिनं आलेख बंद केला. "पण हा ठसा उसना असेल, इतरांसारखा एका झोपेनं पक्का होणार नाही. एकदा सुरू केलंस की रोज करावं लागेल. दोन-तीन महिने. झोपेच्या वेळी तू तिची आई नसशील. जरासुद्धा नाही. चुकून आई झालीस तर सगळं मोडेल."

मी उठले आणि रंजनाला शोधायला गेले.

पुढचा दिवसभर रंजनानं मला शिकवलं. ती कडक मास्तरीण निघाली. थाप जोरात पडली की हातावर चापट मारायची. "एवढ्या जोरात न्हाई, कणीक तिंबताय व्हय?" थापेची लय पकडायला मला दुपार झाली, आणि मावशीसारखं घशातून 'हं' म्हणायला संध्याकाळ. मिसरी भाजताना बोटं पोळली. तिनं ती माझ्या तळहातावर चुरून घेतली आणि म्हणाली, "दाताला लावा. तोंडाचा वास यायला पायजे." मी लावली. डोकं गरगरलं, उलटी झाली. तोंड धुऊन पुन्हा लावली.

"आई माझी हसली असती," रंजना म्हणाली. मग तिनंच डोळ्याला पदर लावला.

तेजस तिथंच कोपऱ्यात बसून होता. दिवसभरात एकदाच बोलला. "तू तिला आवडतेस, ऋतू. हे सगळं असलं तरी." आमच्यात आता काय उरलं होतं कोण जाणे, पण तेवढं वाक्य मी जपून ठेवलं.

तेविसावा दिवस, दुपारचे दोन. ओजूला सकाळी दोनदा झटके येऊन गेले होते. ओठ निळसर पडले होते. फरीदानं मला बाजूला घेऊन सांगितलं की आज नाही झालं तर उद्या बहुतेक करायला काही उरणार नाही. तिच्या डोळ्यांकडे बघून मला कळलं की 'बहुतेक' हा शब्द तिनं माझ्यासाठी घातला होता.

मी राखेनं हात घासले होते, कोपरापर्यंत. केस शिकेकाईनं धुऊन खोबरेल तेल चोपडलं होतं. घड्याळ, अंगठी, गळ्यातलं, सगळं तेजसच्या हातात दिलं. मावशीचं जांभळं पातळ नेसले, ट्रंकेतला वास अजून गेलेला नव्हता. रंजनानं काचेच्या बांगड्या भरल्या. अनवाणी, टाचा घासत, मावशी चालायची तशी आत गेले. झोळीच्या डोक्याकडून गेले, ओजूला तोंड दिसू नये म्हणून, आणि जमिनीवर बसले.

लेथ घरघरत होतं. पत्रा तापला होता. शेजारून मिसरीचा वास येत होता आणि तोच माझ्या तोंडाला, बोटांना येत होता. झोळीतली ती वाळलेली पाठ मला कापडातून दिसत होती. मिठी मारावी, उचलून घ्यावं, माफी मागावी, असं माझं अख्खं शरीर ओरडत होतं. मी हात उचलला. दोन थापा. एक झोका. दोन थापा. बांगड्या किणकिणल्या.

काचेपलीकडचा पडदा मला तिरका दिसत होता. सेहेचाळीस. थोडा वेळ तिथंच. पन्नास. माझी एक थाप हुकली आणि तो अठ्ठेचाळीसवर आला. मी दात आवळले. एकावन्न. चौपन्न. ओजूची मूठ सैल पडत होती. छप्पन. सत्तावन्न. मग पुन्हा थांबला, आणि थांबूनच राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पत्र्याखाली घाम निथळत होता आणि माझ्या मनात एकच धावा चालू होता, जा बाबा पुढं, तीन तर राहिलेत.

"मावशी?" झोळीतून आवाज आला. बोबडा. सात वर्षांच्या मुलीचा नव्हता तो.

"हं," मी घशातून म्हटलं.

मग तिनं विचारलं, "आई आली?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. ती माझी वाट बघायची हे खरं. पण झोप तिला लागायची ती आई अजून आली नाही हे ऐकल्यावर. अजून वेळ आहे, अजून कोणी उचलणार नाही, हे कळल्यावर. मी इथं होते. हातभर अंतरावर होते. तिला जन्म दिल्यापासून तिच्या इतकी जवळ मी कधी नव्हते.

"न्हाई बाळा," मी म्हटलं. "लई येळ हाय अजून. नीज तू."

तिनं एक लांब श्वास सोडला. कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले. एकसष्ट. मी थापटत राहिले. चौसष्ट. काचेपलीकडे तेजस खाली बसला, रंजनानं तोंडावर पदर धरला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात उचलला असता तर थाप चुकली असती, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

चाळीस मिनिटं झाल्यावर फरीदानं काचेवर तळवा टेकवला आणि मला बाहेर यायची खूण केली. ओजूची बुबुळं थांबली होती. तोंड किंचित उघडं पडलं होतं आणि ती घोरत होती.

मी उठले नाही. दोन थापा, एक झोका. आई यायला अजून वेळ होता.